पाठीमागून हाक मारून बघा



माझ्या भाचीचं बाळ दीड वर्षाचं झालं तरी 'आई' म्हणेना. आम्ही मोठ्या बायका म्हणालो, "बापही उशिराच बोलला होता, बोलेल." ताटली पडली की बाळ दचकायचं, म्हणून ऐकू येतंय असंच धरून चाललो. तपासणी झाली तेव्हा ते तीन वर्षांचं होतं. ताटलीचा दणका त्याला कळत होता, माणसाचं बोलणं कळत नव्हतं. आमच्या एका 'बोलेल'पायी दीड वर्ष वाया गेलं.

मूल ऐकून ऐकून बोलायला शिकतं, आणि पहिल्या तीन वर्षांत भाषा सगळ्यात चांगली रुजते. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवतं. वर्षाचं झालं की एखादा शब्द बोलू लागतं. तसं होत नसेल, पाठीमागून हळू हाक मारली तर वळत नसेल, तर वाट बघू नका.

आधी आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. भोंगवलीच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन पुण्याला ससूनमध्ये जाता येतं. 'बेरा' नावाची तपासणी बाळ झोपेत असताना करतात, त्यात दुखत नाही.

पुढे काहींना कानाचं मशीन लागतं, काहींना कॉक्लियर इम्प्लांटचं ऑपरेशन. ऑपरेशनाला सरकारी मदत आहे, पण ती साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना. मशीन लावलं म्हणजे काम झालं असं नाही. रोज समोर बसून बोलावं लागतं. खुणांची भाषा शिकवली तर बोलणं मागे पडेल, ही भीतीही नको.

शाळेचंही ऐका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. न दिसणाऱ्या मुलांनाही तो आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड वेळेत काढून ठेवा.

पुण्याची एक खेप म्हणजे गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी. तिथेच आईचं पाऊल अडतं. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढंच विचारा, "कुणाचं लेकरू हाकेला वळत नाही का?" आणि त्या आईला भाड्यापुरतं कर्ज त्याच दिवशी द्या. सोबत एक जण जा.