नवी संगणक-प्रणाली आणि दृष्टिहीन शिकणारा



ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक-प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. यापूर्वी ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आणि १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा आधार अशाच रीतीने संपला होता. आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही. परंतु सुरक्षिततेच्या नित्य दुरुस्त्या मिळेनाशा होतात. ज्या यंत्रावर विद्यार्थ्यांची माहिती व शाळेचे हिशेब ठेवावयाचे, ते यंत्र असे उघडे राहणे इष्ट नव्हे. यास्तव शाळाशाळांतून आणि कार्यालयांतून विंडोज ११ ही नवी प्रणाली येत आहे.

डोळस माणसाच्या लेखी हा बदल चार दिवसांचा असतो. पडद्यावर एकवार नजर फिरविली की जागा बदललेले बटन सापडते. दृष्टिहीन शिक्षकाची गोष्ट निराळी आहे. कालपर्यंत जो स्वतःच्या हाताने हजेरीचा तक्ता भरीत होता, पत्रे लिहीत होता व ती योग्य ठिकाणी पाठवीत होता, त्याच्यावर आज शेजाऱ्याला बोलावण्याची पाळी येते. एकदा बोलावले, दोनदा बोलावले, की तिसऱ्या वेळी ते काम त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिले जाते. अनेक वर्षांच्या परिश्रमाने मिळविलेले स्वावलंबन अशा तऱ्हेने, कोणाचाही वाईट हेतू नसताना, हातचे जाते. म्हणून या विषयाचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावयास हवा.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक चालविते ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने. ही आज्ञावली पडद्याचे चित्र पाहत नाही. प्रत्येक बटनाचे नाव, त्याचा प्रकार आणि त्याची स्थिती या तीन गोष्टी ती मूळ प्रणालीकडून विचारून घेते आणि मोठ्याने सांगते. ज्या बटनाला त्याच्या निर्मात्याने नावच दिलेले नाही, तेथे ती केवळ 'बटन' एवढेच म्हणते. माउसचा उपयोग येथे जवळजवळ नसतो. सारे काम कळफलकावर चालते. स्वयंपाकघरातील फडताळावर मीठ कोठे, हळद कोठे हे गृहिणीच्या हातास अंधारातही ठाऊक असते. कोणी डबे हलविले तर दिवा लावावा लागतो. दृष्टिहीन माणसाला दिवा लावण्याची सोय नाही. त्याला डबे एकेक करून पुन्हा चाचपावे लागतात.

असा प्रसंग प्रथमच आलेला आहे असे मात्र नाही. भारतात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत होत्या. १९५१ साली भारती ब्रेल ही समान लिपी ठरली, तेव्हा जुन्या पद्धतीच्या वाचकांना बोटांची सवय बदलावी लागली. पण त्यामुळे देशातील भाषांना एक सामाईक ब्रेल मिळाली. संगणकाच्या क्षेत्रात अमेरिकेतील टेड हेंटर या दृष्टिहीन अभियंत्याच्या जॉज या स्क्रीन रीडरची पहिली आवृत्ती १९८९ साली, डॉस प्रणालीसाठी, निघाली. डॉसमध्ये पडद्यावर केवळ अक्षरे असत व ती वाचून दाखविणे सोपे होते. पुढे चित्रमय विंडोज आली, तेव्हा आता सारे संपले असे अनेक दृष्टिहीनांस वाटले. १९९५ मध्ये विंडोजसाठी जॉज निघाले आणि ते भय ओसरले. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरच्या कामास आरंभ केला व जेम्स टेह हे त्यांचे सहकारी झाले. हे दोघेही दृष्टिहीन आहेत. गरीब घरातील विद्यार्थ्यालाही एक पैसा न देता हे साधन मिळते आणि त्याच्याबरोबर येणारा आवाज मराठी, कन्नड व तेलुगू वाचू शकतो. सोलापूरसारख्या, या तिन्ही भाषा नांदणाऱ्या जिल्ह्यात या गोष्टीचे मोल अधिक आहे.

आता नवी प्रणाली शिकण्याच्या क्रमाचा विचार करू गेल्यास, पहिली पायरी आवाजाची. विंडोज कळ, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकदम दाबल्या की प्रणालीतील नॅरेटर हा अंगभूत वाचक बोलू लागतो. प्रणाली प्रथम बसवितानाही तो उपयोगी पडतो. दुसऱ्या कोणाचीही मदत न घेता यंत्र बोलते करता आले, म्हणजे अर्धी धास्ती जाते. एनव्हीडीएची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवता येते व ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रणालींवर चालते. शिकणाऱ्याने ती जवळ बाळगावी.

दुसरी पायरी, जे बदललेले नाही त्याची उजळणी. नक्कल करण्याची कंट्रोल-सी, चिकटविण्याची कंट्रोल-व्ही, नाव बदलण्याची एफ-२, एका कामातून दुसऱ्यात जाण्याची ऑल्ट-टॅब या साऱ्या कळा जशाच्या तशा आहेत. विंडोज कळ दाबून हव्या त्या आज्ञावलीच्या नावाची पहिली अक्षरे लिहिली की ती आजही सापडते. स्टार्टचे बटन पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून मध्याकडे सरकले, याची डोळसांत पुष्कळ चर्चा झाली. कळेने काम करणाऱ्यास त्याचा यत्किंचितही त्रास नाही. ही उजळणी केल्याने शिकणाऱ्याच्या ध्यानात येते की घर तेच आहे, काही डबे तेवढे हलले आहेत.

तिसरी पायरी, जे बदलले आहे त्याची छोटी यादी. विंडोज १० मध्ये विंडोज कळ व ए दाबल्यास सूचना आणि झटपट बदलावयाच्या सोयी एकाच ठिकाणी उघडत. विंडोज ११ मध्ये त्याच कळांनी केवळ वाय-फाय, ध्वनी इत्यादी सोयी उघडतात आणि सूचनांसाठी विंडोज कळ व एन दाबावी लागते. फाइलवर उघडणारी यादीही आखूड झाली आहे. तीत जुना पर्याय सापडला नाही, तर शिफ्ट व एफ-१० दाबावे, म्हणजे पूर्वीची सविस्तर यादी उघडते. अशी 'जुनी कळ, नवी कळ' यादी शिकणाऱ्याने स्वतः ब्रेलमध्ये लिहून अथवा स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावी. दुसऱ्याने दिलेल्या यादीपेक्षा स्वतः केलेली यादी अधिक काळ स्मरणात राहते, हे शिक्षकांस वेगळे सांगावयास नको.

चौथी पायरी रोजच्या कामांची. आपण आठवड्यात करतो ती दहा कामे शिकणाऱ्याने लिहून काढावी आणि रोज एक काम नव्या यंत्रावर शेवटपर्यंत करून पाहावे. माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी नवे यंत्र पुढे ठेवू नये. शक्य असेल तेथे काही आठवडे जुने यंत्रही शेजारी असावे. जुन्या संगणकांवर नवी प्रणाली बसेलच असे नाही. तिला निदान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते. मुख्याध्यापकांनी हे आधी तपासून घ्यावे व बदलाची तारीख दृष्टिहीन सहकाऱ्यास पुरेशी आधी कळवावी.

आता मदतनिसाविषयी. सर्वांत अधिक हानी होते ती घाईच्या मदतीने. सहकारी येतो, माउस हाती घेतो, दोन ठिकाणी टिचकी मारतो व 'झाले' म्हणून निघून जातो. काम होते, परंतु शिकणे होत नाही. 'वर उजवीकडे ते निळे दिसते ना' अशा सांगण्याचाही उपयोग नाही. मदत करणाऱ्याने हात मागे ठेवावेत. स्क्रीन रीडर काय बोलला हे विचारावे, 'टॅब दोनदा दाबा, आता कोणते नाव ऐकू येते?' अशा रीतीने कळांच्या भाषेत सांगावे आणि उत्तराची वाट पाहावी. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट व १ दाबले की दाबलेली प्रत्येक कळ आपले नाव व काम सांगते, प्रत्यक्षात काही बिघडत नाही. विद्यार्थ्यांच्या सरावास ही सोय फार उत्तम आहे.

शेवटी, शिक्षकांच्या स्वतःच्या हातातील काही गोष्टी. परिपत्रकाचे छायाचित्र काढून ते फोनवर पाठविण्याची रीत सर्वत्र पडली आहे. स्क्रीन रीडरला त्यातून पुष्कळदा 'चित्र' या शब्दापलीकडे काही मिळत नाही. तोच मजकूर टंकलिखित पाठविल्यास दृष्टिहीन शिक्षकास तो तत्क्षणी वाचता येतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राच्या पोटात ती इंग्रजी चिन्हे असतात व वाचकाच्या तोंडून निरर्थक ध्वनी निघतात. म्हणून युनिकोडचाच वापर करावा, मथळ्यांना मथळ्याची शैली द्यावी आणि चित्राखाली दोन ओळींचे वर्णन लिहावे.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत काम करीत असता रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे कार्य सर्वांस परिचित आहे. तो चौकोन पानावर कोठे आहे हे दृष्टिहीन बालकाच्या बोटास कळत नाही. शिक्षकाने त्यापाशी खडबडीत कागदाचा एक ठिपका चिकटविला, तर ते मूल आपला फोन स्वतः त्यावर धरू शकेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने माहितीची सुगम्यता हा हक्क मानला आहे. तो हक्क वर्गात उतरतो तो अशा ठिपक्याने, टंकलेल्या परिपत्रकाने आणि मागे ठेवलेल्या हातांनी.

ज्या शाळेत दृष्टिहीन शिक्षक अथवा विद्यार्थी असेल, त्या शाळेने नवी प्रणाली बसविण्यापूर्वी त्याच्यासमवेत बसून त्याची दहा कामांची यादी करावी, आणि त्यांतील शेवटचे काम त्याने एकट्याने पुरे करीपर्यंत जुने यंत्र हलवू नये.