ताणाच्या टोकाची निवड

नागपूरच्या इतवारीत लोखंडी सामानाची बाजारपेठ आहे. ग्रामपंचायतीच्या मनोऱ्याला किंवा शाळेच्या ध्वजस्तंभाला तारदोरांचे ताण द्यावयाचे असले, म्हणजे खरेदीदार अशा बाजारात टर्नबकल मागतो. दोर किती जाड, हे आवर्जून पाहिले जाते. टोक कोणते, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः दोराचा सारा ताण या टोकांवरच येतो.

टोके तीन प्रकारची: उघडा आकडा, बंद कडी आणि खीळ घालून बंद होणारा जबडा. आकडा अडकविण्यास सोपा. परंतु ताण सैल पडताच तो निसटू शकतो. घडीव टर्नबकलच्या प्रचलित अमेरिकी प्रमाणकात अर्ध्या इंची आकड्याचा सुरक्षित भार सुमारे 680 किलो, तर कडी व जबडा यांचा सुमारे 1000 किलो आहे. म्हणून कायमच्या ताणासाठी आकडा घेऊ नये.

दुसरी बाब आट्यांची. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. अर्ध्या इंची नटात 12 मिलिमीटरचा बोल्ट काही फेरे शिरून अडकतो आणि घट्ट बसल्याचा भास होतो. ही मापे एकत्र करू नयेत.

टर्नबकलच्या एका टोकाचे आटे उजवे, दुसऱ्याचे डावे. त्यामुळे मधला भाग फिरविताच दोर ताणला जातो. वाऱ्याच्या हादऱ्यांनी तोच भाग उलट फिरतो. त्यास तारेचा बंद हवाच.

दरपत्रक मागविताना सरपंचांनी व मुख्याध्यापकांनी टोकाचा प्रकार, आट्यांचे माप आणि सुरक्षित भार स्पष्ट लिहावा. मनोऱ्याखालून गावाची मुले रोज ये-जा करीत असतात.