तिरपे अक्षर



अरण्याच्या गावी येऊन आम्ही छापील अक्षरांविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. परंतु लाकडाच्या डेपोत सागाच्या ओंडक्यावर हातोड्याने उठविलेला ठसा आपण सर्वांनी पाहिला आहे. हातोड्याच्या तोंडावर अक्षरे उलटी कोरलेली असतात. घाव बसला की ती ओंडक्यावर सुलटी उमटतात. छापखान्यातील खिळ्याची जन्मकथाही अशीच आहे. कारागीर पोलादाच्या टोकावर उलटे अक्षर कोरी, ते तांब्यात ठोकी, आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतून खिळा काढी.

आजचा विषय त्यांतल्या एका नखरेल अक्षराचा आहे: लग्नपत्रिकेवर, पुस्तकाच्या वेष्टनावर, सराफाच्या पाटीवर दिसणारे तिरपे अक्षर. त्याची एक रेघ ठसठशीत, तर दुसरी केसासारखी बारीक. इंग्रजी अक्षरांत याला इटॅलिक म्हणतात, आणि नावावरूनच त्याचे माहेर कळते. 1501 साली व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुस या मुद्रकाने व्हर्जिल कवीचे लहानसे पुस्तक अशा अक्षरांत छापले. खिळे कोरणारा होता फ्रान्चेस्को ग्रिफो. ग्रिफोने उभे अक्षर ढकलून तिरपे केले नाही, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. त्या काळचे विद्वान भराभर लिहीत, तेव्हा लेखणीला जो कल येई आणि जे वळण लागे, तेच त्याने पोलादात उतरविले. पुढे अठराव्या शतकात पार्मा येथील बोदोनीने जाड आणि बारीक रेघांतील अंतर पराकोटीला नेले. तेव्हापासून हे अक्षर मथळ्यांचे भूषण झाले. मथळ्याचेच, कारण लहान आकारात ती बारीक रेघ छापता छापता तुटते आणि वाचणाऱ्याचा डोळा शिणतो.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईस गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापावर पंचांग काढले. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना 1869 साली उभा राहिला, आणि त्याचे बाळबोध खिळे देशभर नावाजले. त्या खिळ्यांत जाड-बारीक होतेच, कारण ते आपल्या बोरूच्या तिरप्या टोकातून आले होते. पण तिरपे अक्षर मात्र आपल्याकडे फारसे रुजले नाही. कारण साधे आहे. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. अक्षर उजवीकडे कलले की वरची मात्रा पुढे सरते, खालचा उकार मागे राहतो. शिशाचा खिळा चौकोनी; त्याच्याबाहेर डोकावणारी मात्रा शेजारच्या खिळ्यावर आपटून मोडते. जुळाऱ्याने हे खिळे एकावर एक कसे रचावेत?

मग मराठी माणसाजवळ वेगाचे, वळणदार अक्षर नव्हतेच काय? होते. ते म्हणजे मोडी. आधी पानभर शिरोरेघा आखून घ्यावयाच्या आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे त्या रेघेखाली ओवीत जावयाचे. दौलतीचे हिशेब, सावकारांच्या वह्या, घरची पत्रे, सारे या हाताने लिहिले गेले. बाळबोध पोथीसाठी, मोडी कामासाठी, अशी वाटणी होती. कॅरेने श्रीरामपूरला 1810 साली आपला मराठी कोश मोडी खिळ्यांतच छापला. पण छापील बाळबोध शाळेत आणि कचेरीत स्थिरावली, तशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी मागे पडली. व्हेनिसच्या ग्रिफोने चालत्या हाताचा आधार घेतला. आम्ही आमचा चालता हातच दप्तरात बांधून ठेवला.

याचा परिणाम आज कोणत्याही पाटीवर पाहा. संगणकाच्या एका कळीने उभे अक्षर तिरपे होते. हे अक्षर लिहिलेले नव्हे, ढकललेले आहे. वळणे एका बाजूस फुगतात, दुसऱ्या बाजूस खंगतात. वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते. शिरोरेघ मात्र आडवी ती आडवीच. ज्याला वाचनाची सवय आहे तो निभावून नेतो. परंतु ज्याच्या घरी माडिया किंवा तेलुगू बोलतात आणि जो शाळेत नुकती मराठी अक्षरे ओळखू लागला आहे, तो मुलगा दवाखान्याच्या किंवा एस.टी.च्या अशा पाटीपुढे अडतो. शोभेसाठी आपण त्याची वाट अडवितो. आमची तक्रार शोभेविरुद्ध नाही, या अडवणुकीविरुद्ध आहे.

उपाय कठीण नाही. सूचना आणि माहिती उभ्या, ठळक अक्षरांत लिहावी. तिरपे, जाड-बारीक अक्षर मोठ्या मथळ्यास ठेवावे, आणि ते हाताने रेखून घ्यावे. रेखणाऱ्याने महिनाभर मोडी गिरवावी. कल कोठून येतो ते बोटांना आपोआप कळेल. शिशाच्या खिळ्याची अडचण संगणकाने दूर केली आहे. मात्रा हवी तेथे ठेवता येते. 2014 साली मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे. म्हणजे अडचण यंत्राची उरली नाही, सरावाची उरली आहे.

येथून जवळच जुन्या सागांचे राखीव वन आहे, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’. तेथला एखादा साग कललेला दिसला, तर तो उजेडाकडे वाढत वाढत कललेला असतो. कोणी ढकललेला नसतो. अक्षराचा कलही असाच आतून आलेला असावा, एवढेच आमचे म्हणणे.