उंबरठ्यापासून गोदाकाठापर्यंत



पावसाळ्याचे दिवस असतात. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडल्याची वार्ता येते आणि सायखेड्याचे ग्रामस्थ पुलाकडे धाव घेतात. नदीकडे पाहावे तर पाण्याआधी नजरेस पडतो तो हिरवा गालिचा. पानवेली! शहरात ज्यांना जलपर्णी म्हणतात, त्याच या. वरच्या अंगाने वाहत आलेल्या पानवेली पुलाच्या खांबांना अडकतात. एका थरावर दुसरा थर चढतो, प्रवाहाला बांध पडल्यासारखे होते आणि तुंबलेले पाणी वाट मिळेल तिकडे पसरू लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरी परिसरात पाणी शिरले. अनेक कुटुंबांना चालते घर सोडून सुरक्षित स्थळी जावे लागले. दुकानांतला माल भिजला, शेतांतली उभी पिके गेली.

पुराला एकच कारण नसते. धरणांतून होणारा विसर्ग, नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यात वर्षानुवर्षे साचलेला गाळ, नदीपात्राच्या कडेने झालेली बांधकामे, या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण पुलाला अडकणाऱ्या त्या हिरव्या गालिच्याचे मूळ शोधत गेले की माणूस एका अनपेक्षित ठिकाणी येऊन पोहोचतो. ते ठिकाण म्हणजे घरातली मोरी.

पानवेलीचे अन्न

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळट फुलांच्या मोहाने ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे भारतात शिरली. अनुकूल परिस्थितीत अवघ्या एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. तिला हवे असते ते संथ पाणी, ऊन आणि पाण्यात विरघळलेले नत्र व स्फुरद. ऊन आणि संथ पाणी निसर्गाने दिले. नत्र आणि स्फुरद माणसाने पुरवले. मलमूत्र, खरकटे, कपडे धुण्याच्या काही पावडरी आणि शेतांतून वाहून येणारी रासायनिक खते हे तिचे भरण-पोषण.

नाशिकपासून सायखेडा सुमारे २५-३० किलोमीटरवर. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदामाई नाशिकला येते, तीर्थ म्हणून पूजली जाते आणि शहर ओलांडताना त्याच शहराचे सांडपाणी पोटात घेऊन गोदाकाठच्या गावांकडे निघते. शहरात तपोवन, टाकळी, चेहेडी, पंचक अशा ठिकाणी मलनिस्सारण केंद्रे आहेत. तथापि पारंपरिक पद्धतीच्या प्रक्रियेत पाण्यातली घाण कमी झाली, तरी विरघळलेले नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी तसेच पुढे जातात. शिवाय जे पाणी नाल्यांतून परस्पर नदीत उतरते, ते वेगळेच. २०१२ साली गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. एका नदीला न्याय मागण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही बाब प्रत्येक गोदाभक्ताने मनाशी घोळवण्यासारखी आहे.

सायखेड्याच्या पुढे काय? पुढे नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा. येथील पाणथळ जागेला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मान लाभला. हजारो मैलांवरून पाहुणे पक्षी येथे उतरतात. येथून निघालेल्या कालव्यांवर अहिल्यानगर जिल्ह्यातले शेतकरी विसंबून असतात. आणि नदी तशीच पुढे पैठणच्या नाथसागराला मिळते, ज्याचे पाणी छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत पिण्यासाठी जाते. एका घराची मोरी आणि दुसऱ्या घराचा माठ यांच्यामध्ये अंतर असते ते केवळ नदीचे!

येते कुठून आणि जाते कुठे

घरात पाणी कुठून येते, हे लहान मूलही सांगते. नळाला किती वाजता पाणी येते, टाकी केव्हा भरते, टँकर कधी येणार, याचा हिशेब घरोघरी तोंडपाठ असतो. पण वापरलेले पाणी कुठे जाते, असे विचारले तर घरातली जाणती माणसेही क्षणभर गप्प होतात. मोरीच्या जाळीपलीकडे जणू जग संपते. सारी गोम येथेच आहे.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्यातले सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते मानतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज ५४० लिटर सांडपाणी निघते. वर्षाचा हिशेब जवळजवळ दोन लाख लिटरच्या घरात जातो. हे एका कुटुंबाचे. शहरात अशी लाखो कुटुंबे. ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने माणशी ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. गावोगावी नळ आले, आणि ही अत्यंत स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र नळ आला की गटारही आले. त्याची व्यवस्था कोण करणार, हा प्रश्न आता गावांपुढेही उभा आहे.

काही जण म्हणतात, "कारखाने आणि महापालिका नदी नासवतात. एका घराने बादलीभर पाणी वाचवून काय होणार?" हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. कारखान्यांना आणि महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. त्यात कसूर नको. पण नद्यांच्या प्रदूषणात नागरी सांडपाण्याचा वाटा फार मोठा आहे आणि नागरी सांडपाणी म्हणजे घराघरांतल्या मोऱ्यांची बेरीज. केंद्रात येणारे पाणी जितके कमी आणि जितके कमी घाण, तितकी प्रक्रिया चांगली होते. स्वतःच्या मोरीचा हिशेब ठेवणारा नागरिकच महापालिकेकडे ताठ मानेने हिशेब मागू शकतो.

घरातला हिशेब

आता प्रत्यक्ष घरात यावे. नळ पूर्ण उघडला तर मिनिटाला सहा लिटर तरी पाणी सहज जाते. दात घासताना तो दोन मिनिटे सोडून ठेवला की बारा लिटर गेले. तेथे एक तांब्या पुरतो. गळक्या नळातून सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. दहा थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी साडेआठ लिटरहून अधिक पाणी वाया गेले. चार आण्यांच्या वायसरअभावी रोज लहानशी कळशी ओतून द्यायची, हा कुठला व्यवहार?

पाणी शुद्ध करणारे आर. ओ. यंत्र आज अनेक घरांत आहे. साधे यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे टाकून देते. त्या नळीखाली बादली ठेवावी. हे पाणी क्षारयुक्त असते. म्हणून ते झाडांना सतत घालू नये. फरशी पुसण्यास, भांडी पहिल्यांदा विसळण्यास, शौचालयात टाकण्यास ते उत्तम. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी मात्र कुंडीतल्या झाडांना द्यावे. जुन्या पद्धतीच्या शौचालयाच्या टाकीत पाण्याने भरलेली लिटरभराची बाटली उभी करून ठेवली, तर प्रत्येक वेळी एक लिटर वाचतो.

नदीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते पाण्यात काय मिसळले जाते. तेलकट कढई आधी जुन्या कागदाने पुसून मग धुवावी. उरलेले तळणीचे तेल मोरीत कधीही ओतू नये. खरकटे जाळीत अडवून ओल्या कचऱ्यात टाकावे. धुण्याची पावडर डोळ्यांच्या अंदाजाने न घेता मापाने घ्यावी आणि शक्य तेथे स्फुरदविरहित घ्यावी. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता, हा भ्रम आहे. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून फेकणे ही पूजेची सांगता नव्हे. ज्या देवाला फूल वाहिले, त्याच देवाच्या नदीत पिशवी कशी टाकावी? ते निर्माल्य परसातल्या किंवा गच्चीवरच्या खतात मिसळले, तर पुढच्या वर्षी तेच फूल होऊन देव्हाऱ्यात येते.

ताटाचाही संबंध नदीशी आहे. एक किलो तांदूळ पिकवण्यासाठी जागतिक सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. पानात टाकलेला मूठभर भात म्हणजे कित्येक बादल्या पाणी. आणि दिव्याचाही आहे. नाशिकजवळ एकलहरे येथे कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रांसाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. साठ वॅटच्या दिव्याऐवजी नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. त्या मापाने सव्वातीनशे लिटर पाणीही वाचते. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणारा हात नकळत नळही बंद करीत असतो.

खेड्यांत आणखी एक उपाय हाताशी आहे, तो शोषखड्ड्याचा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेतले. सांडपाणी उघड्या गटारात न साचता जमिनीत मुरू लागले आणि डासांच्या उपद्रवातून मुक्त झालेले गाव म्हणून त्याचे नाव झाले. मोठी योजना नको, मोठे अनुदान नको. अंगणात सुमारे चार फुटांचा खड्डा, दगडगोटे आणि घरच्यांची इच्छा पुरेशी ठरते. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप मात्र दूर असला पाहिजे. आणि द्राक्ष-कांद्याच्या या पट्ट्यात शेतकरी बंधूंनी माती परीक्षण करून तेवढेच खत दिले, तर खर्चही वाचेल आणि पानवेलीचे अन्नही तुटेल.

खांद्यावरचे ओझे

जुन्या पिढीची काटकसर आठवली की सारे हळवे होतात. राखेने घासलेली भांडी, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि अळू, माठाखालचे पाणी तुळशीला. पण आजीने पाणी जपले ते पर्यावरणाचे पुस्तक वाचून नव्हे. तिने ते नदीवरून, आडावरून डोक्यावर आणले होते. प्रत्येक तांब्याचे वजन तिच्या मानेला ठाऊक होते. तिचे ते कष्ट पुन्हा यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. नळाने स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा उतरवला, हे फार मोठे पुण्यकार्य झाले. परंतु हंड्याबरोबर पाण्याचे वजनही मनातून उतरले. ते वजन आता समजुतीने पुन्हा मनावर घ्यायचे आहे. आणि ते एकट्या गृहिणीच्या मनावर नव्हे. नळ गळतो तेव्हा वायसर बदलणे हे घरातल्या पुरुषाचे काम आहे, आर. ओ. ची बादली उचलणे मुलांचे आहे.

आपल्याकडे स्नान करताना सात नद्यांना आवाहन करण्याची परंपरा आहे. त्यांत गोदावरीचे नाव आहे. न्हाणीघरातल्या बादलीत गोदावरी आहे, अशी श्रद्धा असेल तर तीच बादली मोरीत रिती होते तेव्हाही तिच्यात गोदावरीच असते. सिंहस्थ पर्व पुन्हा येऊ घातले आहे. २०२७ मध्ये लक्षावधी भाविक नाशिकला गोदेत स्नान करतील. त्यांचे पुण्य त्यांच्याबरोबर घरी जाईल, पाणी मात्र सायखेड्याला येईल.

म्हणून नाशिकच्या प्रत्येक कुटुंबाने एका रविवारी मुलांना घेऊन सायखेड्याच्या पुलावर यावे. भाषण करू नये, उपदेश करू नये. खाली साचलेल्या पानवेली मुलांना दाखवाव्यात आणि एवढेच सांगावे, "बाळांनो, आपल्या घरातले पाणी इथे येते." घरी परतल्यावर नळ बंद करण्याची आठवण त्या मुलांना पुन्हा करून द्यावी लागणार नाही. उलट तीच मुले घरातल्या मोठ्यांना ती करून देतील.

गोदामाईची आरती घाटावर होते. तिची रोजची पूजा मात्र प्रत्येक घरातल्या मोरीपाशी व्हायची आहे.