अमर, प्रेम आणि वरचा मजला

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात गच्चीवर 'अंदाज अपना अपना' हा चित्रपट दाखवण्याआधी झालेलं भाषण)



घाबरू नका, लवकर आटपतो. प्रोजेक्टरची वायर सापडेपर्यंतच बोला, असा कमिटीचा आदेश आहे.

आजचा चित्रपट आहे 'अंदाज अपना अपना'. राजकुमार संतोषी यांचा हा चित्रपट ४ नोव्हेंबर १९९४ रोजी लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' आला होता आणि तो काही थिएटरातून हलत नव्हता. त्या धामधुमीत हा बिचारा फारसा चालला नाही. पुढे टीव्हीवर लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि २०२५च्या एप्रिलमध्ये तर तो परत थिएटरात लागला. तेव्हा जन्मलीही नव्हती अशा आपल्या सोसायटीतल्या मुलांनाही यातले संवाद पाठ आहेत.

गोष्ट अशी. अमर, म्हणजे आमिर खान, न्हाव्याचा मुलगा. प्रेम, म्हणजे सलमान, शिंप्याचा मुलगा. दोघांनाही कष्ट नकोत, पैसा मात्र हवा. एक श्रीमंत मुलगी लंडनहून लग्नासाठी आली आहे हे कळतं आणि दोघे आपापल्या घरून उटीला निघतात. बसमध्ये गाठ पडते आणि तिथूनच थापा सुरू होतात. मुलीच्या घरात शिरायला अमर स्मृती गेल्याचं सोंग घेतो, तर प्रेम डॉक्टर बनून हजर होतो. दुसऱ्याचं सोंग उघडं पाडावं, तर आपलंही पडणार! म्हणून दोघेही गप्प. एकाच छताखाली, एकमेकांवर डोळा ठेवून राहतात.

आणि हो, यातल्या रॉबर्टकडे नीट लक्ष द्या. ते आपले विजू खोटे. 'शोले'तला कालिया आणि 'अशी ही बनवाबनवी'तला बळी. २०१९ मध्ये ते गेले, पण रॉबर्ट पडद्यावर आला की आजही आधीच हसू येतं.

आता मुद्द्याचं. या दोघांचं भांडण मिटतं कसं? कोणी समजूत घालत नाही, कोणी माफी मागत नाही. घरात दोन मुली आहेत, मालकीण आणि तिची सेक्रेटरी. प्रेमचं मन सेक्रेटरीवर जडतं. झालं! दोघांना एकच गोष्ट हवी आहे म्हणून भांडण होतं, आणि हवं होतं ते वेगळंच निघालं. पुढची गंमत सांगत नाही, पहिल्यांदा बघणारेही आहेत. पण मग तेजा नावाचं संकट येतं आणि एकमेकांच्या लबाड्या पाठ असलेले हेच दोघे एकमेकांच्या उपयोगी पडतात.

पडद्यामागेही असंच काहीसं होतं. या चित्रपटाच्या वेळी सलमानशी आपलं जमलं नव्हतं, असं आमिर खाननं पुढे मुलाखतीत सांगितलंय. मैत्री झाली ती नंतर, आमिर घटस्फोटाच्या अवघड काळातून जात असताना.

हे सगळं मी का सांगतोय, ते जुन्या सभासदांच्या लक्षात आलं असेल. आम्ही २०४, आणि आमच्या डोक्यावर ३०४. त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय, ते बघा तिसऱ्या रांगेत हसताहेत.

आमच्या बाथरूमचं छत गळायला लागलं. प्लंबर म्हणाला, वरची फरशी काढून वॉटरप्रूफिंग करावं लागेल. मी वर गेलो, तर हे म्हणाले, "बघू." मी कमिटीला पत्र दिलं. त्यांनी उलट पत्र दिलं. तीन वर्षं वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' म्हणजे आमचं छत! लिफ्टमध्ये ते असले की मी जिन्यानं जायचो. यांना खर्च टाळायचाय, असं माझं ठाम मत. याला माझ्या पैशानं घर रंगवून घ्यायचंय, असं त्यांचं.

मग एका पावसाळ्यात रात्री दीड वाजता वीज गेली आणि त्याच वेळी त्यांच्या आईंना धाप लागली. लिफ्ट बंद. त्यांनी आमची बेल वाजवली. आजींना खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी तीन जिने उतरवलं. एका बाजूला ते, एका बाजूला मी. "जरा सावकाश," आणि "वळण आलं," याशिवाय एक शब्द नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर पहाटे ते म्हणाले, "फरशी काढली तर दहा दिवस बाथरूम बंद. आईला कुठे नेऊ? परक्या घरी ती राहायची नाही." तीन वर्षांत हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मीही सांगितलं, की मुलीचं लग्न ठरतंय आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते छत दाखवायची लाज वाटते. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

आजी बऱ्या होऊन आल्या आणि काम चालू असताना अकरा दिवस आमच्याकडे राहिल्या. बाथरूममधून आल्या की मला रोज सांगायच्या, "अरे, अजून ओलंच आहे हो तुझं छत!" मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला त्या पहिल्या रांगेत होत्या. आज त्या नाहीत. असत्या तर या गच्चीवर सगळ्यात मोठ्यानं हसल्या असत्या.

३०४चं आणि माझं पार्किंगवरून अजूनही वाजतं. पण आता ते चहा घेताना वाजतं.

पुढच्या महिन्याच्या सभेत नव्या लिफ्टच्या वर्गणीचा विषय आहे. "आम्ही लिफ्ट वापरतच नाही," असं तळमजला म्हणणार आणि चौथा मजला चिडणार. दोन्हीकडची पत्रं तयार आहेत, असं ऐकतो. पत्र देण्याआधी तळमजल्यानं एकदा वर जावं आणि चौथ्यानं खाली यावं, एवढीच विनंती. काय हवंय आणि का हवंय, ते तोंडी विचारा. मी तीन वर्षं उशिरा विचारलं होतं, तेही लिफ्ट बंद पडली म्हणून.

वायर सापडली वाटतं. दिवे घालवा.