चूर्ण देण्याआधीचा प्रश्न



आपल्या आयुर्वेदशास्त्राच्या थोरवीवर सकाळपासून पुष्कळ बोलून झालं आहे. मी एकाच माणसाविषयी बोलणार आहे. त्यानं साठी ओलांडली आहे, तो संध्याकाळी दारू घेतो आणि ‘पोट साफ होत नाही’ म्हणून आपल्याकडून चूर्ण, काढा, कॅप्सूल नेतो. हा माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओपीडीत आणि काउंटरवर येतो. आपण त्याची जीभ पाहतो, नाडी पाहतो, भूक विचारतो, झोप विचारतो. दारूचं विचारत नाही.

का विचारत नाही, हे मला ठाऊक आहे. समोर गावातले निवृत्त गुरुजी असतात, कुणाचे आजोबा असतात, सोबत सून किंवा नातू असतो. ‘अण्णा, तुम्ही घेता का?’ हे तोंडातून निघत नाही. आजींना विचारायचं तर मनातही येत नाही, आणि घेणाऱ्या आजी आहेत. या संकोचापायी आपण त्यांचं नुकसान करतो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वय झालं की शरीरातलं पाणी कमी होतं. चाळिशीत जो पेग अंगावर यायचा नाही, त्याच पेगनं सत्तरीत रक्तातलं मद्यार्काचं प्रमाण जास्त चढतं. माणूस म्हणतो, ‘मी काही वाढवलेलं नाही, तेवढीच घेतो.’ तो खरंच बोलत असतो, फक्त त्याचं शरीर आता तेवढंच राहिलेलं नसतं. दारूनं आतड्याच्या अस्तरातली पेशीपेशींमधली घट्ट वीण सैल होते. जंतूंची विषारी द्रव्यं त्यातून रक्तात उतरतात आणि थेट यकृताकडे जातात. थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, नीट शोषलं जात नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाला मलावरोध, कुणाला रोजची जळजळ. रुग्ण या सगळ्याला एकच नाव देतो, गॅस. आणि गॅसवर आपल्याकडे फडताळभर औषधं तयार असतात.

एसटीतून निवृत्त झालेल्या एका आबांना त्यांची सून माझ्याकडे घेऊन आली होती. पायांवर सूज, चालताना गोळे येतात, थकवा फार. मी म्हटलं, घरात जे जे चालू आहे ते सगळं उद्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी तिनं बाजाराची पिशवी टेबलावर रिकामी केली. पंचसकार चूर्णाचा डबा, झाकण लागत नाही इतका वापरलेला. अविपत्तिकर चूर्ण. इसबगोल. काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल, मुलानं ऑनलाइन मागवलेल्या. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून एक हिरवट सिरप. कुमार्यासवाची अर्धी बाटली. शिवाय सूज उतरावी म्हणून दिलेली लघवीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी. मी विचारलं, ‘आबा, संध्याकाळी किती घेता?’ ते म्हणाले, ‘कधीतरी.’ सुनेनं मान खाली घातली. मी पुन्हा विचारलं, ‘नाइंटी की क्वार्टर?’ मग ते म्हणाले, ‘क्वार्टर. पण टॉनिक चालू आहे ना.’

‘टॉनिक चालू आहे ना’ हे चार शब्द मला झोपू देत नाहीत. या बाटल्या त्यांना दारूचा परवाना वाटत होत्या, आणि तो आपल्यापैकीच कुणीतरी दिला होता.

आता त्या पिशवीकडे वैद्य म्हणून पाहू. पंचसकारात सोनामुखी आहे. ती रोज महिनोन्महिने घेतली की शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. दारूनं ते कमी होतं, लघवीच्या गोळीनं आणखी. पायाला गोळे येणार नाहीत तर काय होईल? त्याच चूर्णात सैंधव आहे, म्हणजे मीठच, आणि आपण ते अंगावर सूज असलेल्या माणसाला देतो आहोत. अविपत्तिकर आपण आम्लपित्तावर देतो, पण त्यात निशोत्तराचा भाग मोठा आहे आणि निशोत्तर रेचक आहे. म्हणजे आबा एकाच वेळी दोन रेचकं घेत होते आणि तरी त्यांचं पोट साफ होत नव्हतं, कारण इसबगोल ते कोरडाच तोंडात टाकून घोटभर पाण्यावर ढकलत. इसबगोल फुगतो. मलावरोधावर त्याचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे आणि या वयात मी तो पहिल्यांदा निवडेन, पण पूर्ण पेलाभर पाण्यात आणि इतर गोळ्यांपासून दोन तास अंतर ठेवून. पाण्याशिवाय घेतला तर तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. पोटॅशियमबद्दल बोलतोच आहे तर ज्येष्ठमधही लक्षात ठेवा. तो पोटॅशियम उतरवतो आणि रक्तदाब चढवतो. जळजळ होते म्हणून रोज ज्येष्ठमध चघळणारे आजोबा आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

हळदीबद्दल बोललं की आपल्याकडे माणसं दुखावतात. भाजीतल्या हळदीबद्दल मी काहीच म्हणत नाही. कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन दाट केलेलं असतं आणि ते जास्त शोषलं जावं म्हणून मिरीतलं पायपरिन घातलेलं असतं. इटलीत 2018-19 च्या सुमारास अशा हळदीच्या पूरकांमुळे यकृतदाह झालेले रुग्ण एकामागून एक नोंदले गेले, नंतर अमेरिकेतही. गुळवेलीचा वाद तर आपल्या दारातला आहे. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही. पुढे 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. आपल्यातले अनेकजण तेव्हा रागावले. वनस्पतीची ओळख पटवण्याचा मुद्दा रास्त आहे, आणि तो आपणच पुढे नेला पाहिजे. पण ज्याचं यकृत दारूनं आधीच सोसत आहे, त्याच्या हातात आपण काय देतो, हा प्रश्न त्या हरकतीनं संपत नाही.

आणि आता आसव-अरिष्टं. द्राक्षासव, कुमार्यासव, अभयारिष्ट, कुटजारिष्ट ही आपली पोटाची हुकमी औषधं. त्यांत संधानानं तयार झालेला मद्यार्क असतो, साधारण 5 ते 12 टक्के. बाटलीवर ते छापलेलं असतं, मागच्या बाजूला, चष्मा लावूनही वाचवत नाही अशा अक्षरात. हिशोब प्रामाणिकपणे करू. चार-चार चमचे दोन वेळा, म्हणजे दिवसाला 40 मिलि. त्यात 10 टक्के धरले तर मद्यार्क तीन ग्रॅमच्या आसपास. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 मिलिचा पेग म्हणजे 20 ग्रॅम, क्वार्टर म्हणजे 60. तेव्हा आसवानं कुणी झिंगत नाही. पण ज्यानं महत्प्रयासानं दारू सोडली आहे, त्याच्या जिभेला ती चव पुन्हा आपल्या हातून लागते. आणि जो दारू सोडवणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळीवर आहे, त्याला या चमच्यांनीही धडधड, उलट्या, चेहरा लालबुंद होणं, इथपर्यंत त्रास होऊ शकतो. अशा माणसाला चूर्ण द्या, वटी द्या, आसव देऊ नका.

औषधातल्या मद्यार्काचा प्रश्न मुंबईनं सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलेला आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्धच्या बलसारा खटल्यात 1951 साली न्यायालयानं मद्यार्कयुक्त औषधांवरची बंदी रद्द ठरवली. आपल्या बाटल्या शेल्फवर आहेत त्यामागे तो निकालही आहे. ही सवलत वापरताना आपली जबाबदारी मोठी आहे, असं मला वाटतं.

‘दारू चालू ठेवा, यकृत आम्ही सांभाळतो’ असं म्हणू शकेल अशी एकही वनस्पती मला माहीत नाही. पाश्चात्त्यांची सिलीमारिनवाली मिल्क थिसल घ्या. दारूनं बिघडलेल्या यकृतावरच्या तिच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेनं 2007 मध्ये आढावा घेतला, तेव्हा मृत्यू कमी होत असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. आपल्या चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या 24व्या अध्यायात मदात्ययाचा स्वतंत्र विचार आहे आणि 15व्यात ग्रहणीचा. म्हणजे मद्यानं होणारा आजार हा आजार म्हणून तपासायचा, हे आपल्या परंपरेतच आहे. तो अपचनाच्या डब्यात टाकायला चरकानं सांगितलेलं नाही. ग्रहणीत त्यानं ताकाला केवढा मान दिला आहे, तेही पाहा. ज्वारी-नाचणीची भाकरी, शेवग्याच्या शेंगा, पालेभाजी, दुपारचं जिरं घातलेलं ताक आणि भरपूर पाणी, एवढ्यावर या वयातली निम्मी चूर्णं बंद होतात, हा माझा अनुभव आहे. सूज किंवा जलोदर असेल तर मात्र ताकात मीठ नको, आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.

विचारायचं कसं, हे विद्यार्थ्यांसाठी सांगतो. ‘व्यसन आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येतं. भूक, झोप, चहा, तंबाखू विचारता विचारता त्याच सुरात विचारा की संध्याकाळी काय घेता, किती, आठवड्यातून किती वेळा. नाइंटी, क्वार्टर, मोठी बाटली हे त्यांचे शब्द वापरा. स्ट्राँग बिअरची 650 मिलिची बाटली 8 टक्क्यांची असेल तर तिच्यात 40 ग्रॅम मद्यार्क असतो, हे ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याला सांगा. शक्य असेल तर सुनेला, मुलाला दोन मिनिटं बाहेर बसवा. शौच काळी होते का, हे विचारा. लोहाची गोळी चालू नसताना ती डांबरासारखी होत असेल तर एकही पुडी न बांधता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. आणि रोज भरपूर घेणाऱ्याला ‘उद्यापासून बंद’ असं कधीही सांगू नका. एकदम तोडली तर थरथर, झटके, भ्रम होतात, त्यात जीवही जातो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हे काम करतं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या अशा केंद्राचा फोन नंबर प्रत्येकाच्या टेबलाच्या काचेखाली असला पाहिजे.

दुपारच्या सत्रात मी दोन ठराव मांडणार आहे. आसव-अरिष्टाच्या बाटलीवर मद्यार्काचं प्रमाण दर्शनी बाजूला, मराठीत, औषधाच्या नावाखालोखालच्या मोठ्या अक्षरात छापावं, अशी मागणी उत्पादकांकडे आणि शासनाकडे करायची, हा पहिला. दुसरा आपल्यापुरता आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही: साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर दारूचा रकाना असेल आणि तो भरल्याशिवाय पोटाचं औषध लिहिलं जाणार नाही. औषधविक्रेत्यांकडे केसपेपर नसतो. त्यांनी रेचकाचा तिसरा डबा मागायला आलेल्या आजोबांना तो देण्याआधी आमच्याकडे पाठवावं, एवढीच विनंती आहे. मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीत लेखी द्याव्यात.