शवपेटीवरची सरदारीण
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय ‘बरोक काळातील व्यक्तिचित्रे’ असा छापला आहे. पडद्यावर रूबेन्स, रेम्ब्राँ येतील म्हणून काही मंडळी आली असतील. मी मात्र पोलंडमधल्या एका सरदारणीबद्दल बोलणार आहे. बार्बारा डोमित्सेला लुबोमिर्स्का, माहेरची शेंबेक. चित्राचे साल १६७६. चित्रकार अज्ञात. तेवढे वाचले की संग्रहालयात माणसे पुढच्या चित्राकडे वळतात. हा अशा अज्ञात चित्रकारांवर अन्याय आहे, आणि आज मी त्यांची बाजू मांडायला उभा आहे.

बरोक म्हणजे काय, हे या सभागृहाला सांगायला नको. कोल्हापुरात पोलंडचीही वेगळी ओळख करून द्यायला नको. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलेच. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात त्या आठवणी आहेत. आज सांगतो ती त्यांच्याच देशातली एक जुनी रीत.

लुबोमिर्स्काचे हे चित्र दिवाणखान्यात लावण्यासाठी काढलेले नाही. ते शवपेटीचे चित्र आहे. सतराव्या-अठराव्या शतकात तिथल्या सरदार घराण्यांत कुणी वारले की कथील, शिसे किंवा तांब्याच्या पत्र्यावर त्या व्यक्तीचा चेहरा रंगवत. शवपेटीच्या टोकाचा आकार तोच पत्र्याचा, सहा किंवा आठ बाजूंचा. चेहरा डोक्याकडच्या बाजूला, जमलेल्या लोकांसमोर. पायाकडे मजकुराचा पत्रा, कडेला कुलचिन्हे. १५८६ साली वारलेला राजा स्तेफान बातोरी याचे चित्र यातले सर्वांत जुने मानतात. अंत्यविधी झाला की पेटी तळघरात जाई आणि पत्रा काढून चर्चच्या भिंतीवर लागे.

त्या अंत्यविधीबद्दल दोन शब्द सांगतो. दफन कधीकधी महिनोन्‌महिने लांबे, कारण तयारीच तेवढी असे. चर्चच्या मधोमध उंच मंडप, त्यावर शेकडो मेणबत्त्या, दूरदूरचे पाहुणे, मेजवान्या. घराणी त्यापायी कर्जात बुडत. मृत माणूस लढवय्या असेल तर त्याच्याच वेषात, चिलखत घालून एक स्वार घोड्यासकट चर्चमध्ये शिरे आणि शवपेटीपुढे धाडकन खाली कोसळे! दगडी फरशीवर चिलखत आदळल्याचा आवाज कल्पनेत आणा. भाले मोडत, अधिकाराची काठी मोडत. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला असेल तर त्याचे कुलचिन्हही फोडून टाकत.

पुढच्या रांगेतून विचारताहेत, घोड्याचे काय होई? (हशा) घोडा उभाच राही, पडायचे काम स्वाराचे. (मोठा हशा)

पण बाईसाठी चिलखत कुठले आणि भाला कुठला? तिच्या वाट्याला प्रवचन आणि हा चेहरा. प्रवचनकार तिची कुळी प्राचीन वीरांपर्यंत नेऊन भिडवत, तिला सद्गुणांची मूर्ती ठरवत. अशी प्रवचने प्रवचनकाराच्या नावासह छापली जात. त्याच वेळी दोन हातांवर, मेणबत्त्यांच्या उजेडात, तो पत्र्यावरचा चेहरा डोळे उघडे ठेवून सगळ्यांकडे पाहत असे. त्यावर रंगवणाऱ्याची सही बहुधा नसेच.

ही चित्रे एकापाठोपाठ पाहा. कुणाचा डोळा तिरळा, कुणाच्या गालावर चामखीळ, कुणाची हनुवटी गळ्यात उतरलेली. काही लपवलेले नाही. माझे म्हणणे असे की हा खरेपणा त्या कामातूनच आला. हे चित्र पाहणार कोण? तिच्या हातचे जेवलेली, तिची बोलणी खाल्लेली माणसे. त्यांना ती ओळखू आली पाहिजे. ती स्वतःच्या अंत्यविधीला हजर आहे, अशी ही सगळी मांडणी. चेहरा गोड करून काढला असता तर भलतीच बाई हजर झाली असती! या कारागिरांची शरीररचना कच्ची आहे, खांदे सपाट आहेत, हे मला मान्य आहे. पण नजर पाहा. इतकी थेट नजर मी दरबारी चित्रांत फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

एक चिठ्ठी आली आहे: “रेम्ब्राँनेही म्हाताऱ्या माणसांचे खरे चेहरे रंगवले, मग अनामिकाचे एवढे कौतुक कशाला?” प्रश्न रास्त आहे. रेम्ब्राँला मी कमी लेखत नाही. पण त्याचे चित्र आपण ‘रेम्ब्राँ’ म्हणून पाहतो, आतली व्यक्ती मागे राहते. फर्मेरच्या मोत्याचा डूल घातलेल्या मुलीचेच घ्या. साधारण १६६५ चे ते चित्र, चित्रकार जगाला माहीत, मुलगी कोण ते कुणालाच ठाऊक नाही. इथे बरोबर उलटे आहे. बाईचे नाव, माहेर, सासर शिल्लक आहे आणि चित्रकार नाही. पहिल्या चित्रासाठी लोक हेगला रांगा लावतात. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांसाठी पश्चिम पोलंडमधल्या म्येंजिझेच गावच्या संग्रहालयात जावे लागते, जिथे अशा चित्रांचा फार मोठा संग्रह आहे. तिथे जाणारे किती असतील?

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. पाच मिनिटे मागितली होती, दोन मिळाली. (हशा) १७७२ पासूनच्या पोलंडच्या फाळण्या आणि ही रीत कशी संपली हा भाग सोडतो. त्या सरदारांचा ‘सार्मेशियन’ म्हणवला जाणारा पेहरावही सोडतो, त्यावर दुसरे व्याख्यान होईल.

फक्त एक मागणे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात युरोपीय चित्रांचे दालन आहे. तिथे जा, किंवा परदेशी मुलांकडे गेलात तर तिथल्या संग्रहालयात जा. ‘चित्रकार अज्ञात’ दिसले की पाय उचलू नका. हे चित्र कुणी मागवले, कुठे लावायचे होते, ते कोण पाहणार होते, एवढे विचारा. पाटीवर उत्तर नसेल तर अभिप्रायाच्या वहीत तसे लिहून या.